आधी डोसा परत आणू

ताई,

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे. तीन वर्षांचा असताना निदान झालं. दहा-बारा शब्द बोलतो, बाकी सगळं हाताला धरून नेऊन दाखवतो. खाण्यात पाचच गोष्टी: पार्ले-जी, तूप घातलेला पांढरा मऊ भात, निळ्या पाकिटातले खारे वेफर्स, दूध (दिवसाला लिटरभर तरी, आणि तेही त्याच्या हिरव्या पेल्यातूनच) आणि साधा कुरकुरीत डोसा. भाजी, फळ, वरण, पोळी, अंडं, काही नाही.

गेल्या महिन्यात मी डोशाच्या पिठात उकडलेलं गाजर आणि मुगाची डाळ बारीक वाटून घातली. दोन घास खाल्ले, थांबला, डोसा उलटा करून बघितला आणि ताटली ढकलली. तेव्हापासून डोशाला हातच लावत नाही, साध्यालाही नाही. पाचातले चार राहिले. त्या दिवशी रागाच्या भरात मी त्याचं नाक दाबून घास कोंबला. त्याने सगळं ओकून टाकलं. हे लिहितानाही माझा हात थरथरतोय.

सासूबाई म्हणतात, दोन दिवस काही देऊ नकोस, भूक लागली की मुकाट्याने खाईल. मिस्टर म्हणतात, मोबाइल लावून भरव. शाळेत डब्यात पोळी-भाजीच हवी असा नियम, त्यामुळे डबा रोज जसाच्या तसा परत येतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सांगतात, गहू आणि दूध बंद करा. नवीन पदार्थ खायला त्याला कसं शिकवू?

— एक आई, विक्रोळी

•

तुमचं पत्र दोनदा वाचलं. प्रश्न नवीन पदार्थांचा आहे, पण माझं बोट अडकलं ते ‘पाचातले चार राहिले’ या वाक्यावर. नवीन पदार्थ जरा थांबू देत. आधी डोसा परत आणू.

मुलाचं नाव छापत नाही, त्याला सोन्या म्हणू.

सोन्याचे पाच पदार्थ जरा त्याच्या बाजूने बघा. पार्ले-जीच्या पुड्यातलं शेवटचं बिस्किट पहिल्यासारखंच असतं. तोच रंग, तीच नक्षी, मोडताना तोच आवाज, दुधात बुडवलं की तेवढ्याच वेळात मऊ. वेफर्सचंही तेच. आता भेंडीची भाजी घ्या. आज कोवळी, उद्या जून. एक घास कुरकुरीत, दुसरा बुळबुळीत, तिसऱ्यात मोहरीचा दाणा दाताखाली फुटतो. आपल्या लेखी ती एक भाजी, त्याच्या लेखी प्रत्येक घास वेगळा पदार्थ. पोळीसुद्धा अशीच बेभरवशाची: इथे फुगलेली, तिथे डाग पडलेली, तव्यावरची मऊ आणि डब्यातली चिवट. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना चव, वास, स्पर्श, आवाज आपल्याहून फार तीव्र जाणवतात. काहींना उलट फार कमी. ज्याला प्रत्येक घासाला दचकावं लागतं, तो कधीही न दचकवणाऱ्या गोष्टींनाच धरून बसणार.

म्हणून ते गाजर महागात पडलं. कधी न बदलणारा डोसा बदलला आणि त्याला कुणी सांगितलं नाही. आता पुढच्या डोशात काय निघेल याची त्याला खात्री नाही. लपवून घालणं हा आपल्याकडचा लाडका उपाय आहे. पोळीत पालक, कटलेटमध्ये बीट, दुधात कसली तरी पावडर. ज्या मुलाला फरक कळत नाही त्याच्या बाबतीत ते खपूनही जातं. पण सोन्याची जीभ तुमच्या मिक्सरपेक्षा बारीक काम करते. त्याला फसवायच्या भानगडीत पडू नका, हरणार तुम्हीच. आणि एक सांगू? साध्या डोशात उडदाची डाळ असतेच. डाळ तो इतकी वर्षं खातच होता.

नाक दाबल्याचं तुम्ही स्वतःहून लिहिलंत. ते पुन्हा कधीही करू नका. रडत्या मुलाच्या तोंडात कोंबलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. आणि त्याच्याजवळ बसून त्याला सांगा, ‘आईचं चुकलं, आई तोंडात काही कोंबणार नाही.’ शब्द दहाच बोलतो म्हणून त्याला समजणारे शब्दही दहाच असतील असं धरून चालू नका. माझ्याकडूनही हे झालंय. ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे खाणं, कपडे घालणं अशी रोजची कामं मुलांना जमावीत म्हणून दिली जाणारी थेरपी, नुकती करायला लागले होते तेव्हा एका मुलीच्या ओठांना, ती खुशीत हसत असताना, मी हळूच दही लावलं. मला वाटलं, किती हुशारी केली. पुढचे तीन आठवडे ती जिन्याच्या पहिल्या पायरीपासूनच रडायची. तिच्या आजीने एक अक्षर न बोलता माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला अजून आठवते.

सासूबाईंचं म्हणणं बहुतेक मुलांच्या बाबतीत खरं आहे, त्यांच्या अनुभवातून आलंय. सोन्यासारख्यांच्या बाबतीत मात्र ते धोक्याचं आहे. यातल्या काही मुलांना पोटातली भूक ‘भूक’ म्हणून कळतच नाही. ती चिडतात, पळापळ करतात, झोपत नाहीत, पण ताटाकडे येत नाहीत. दोन दिवसांनी तुमच्या हाती थकलेलं, पाणी कमी झालेलं मूल येईल आणि भाजी तशीच वाटीत असेल. खाण्याच्या टोकाच्या टाळाटाळीला वैद्यकशास्त्रात ‘एआरएफआयडी’ असं नाव आहे. २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत ते आलं. सोन्याला ते आहे की नाही हे डॉक्टर ठरवतील. पण सासूबाईंना एवढं जरूर सांगा की याला लाड म्हणत नाहीत.

आता डोसा.

पहिले दोन-तीन आठवडे डोसा फक्त समोर येऊ दे. तुम्ही खा, मिस्टर खाऊ देत. सोन्याला ओट्याजवळ स्टूलवर बसवा, तव्यापासून हातभर लांब. पीठ त्याच पातेल्यातून घ्या, डावाने तव्यावर पसरा, त्याला दिसू दे की त्यात दुसरं काही पडत नाही. ‘साधा डोसा’ एवढंच म्हणा. त्याच्या ताटलीत रोजचा भात, आणि शेजारच्या छोट्या बशीत डोशाचा नखाएवढा तुकडा. खा म्हणायचं नाही. बघ म्हणायचं नाही. ‘एकच घास, आईसाठी’ तर अजिबात नाही. तो तुकडा बशीत पडून राहिला तरी ते काम झालं असं समजा.

ही छोटी बशी पुढेही लागणार आहे. तिला घरात काहीतरी नाव द्या. माझ्याकडच्या एका घरात ती ‘ओळखीची बशी’ होती. नवीन पदार्थ कायम तिच्यात, त्याच्या ताटलीत कधीच नाही, म्हणजे त्याचा पांढरा भात सुरक्षित राहतो. खाणं ही शेवटची पायरी असते आणि तिच्याआधी कितीतरी पायऱ्या आहेत: पदार्थ त्याच खोलीत चालणं, बशीत चालणं, चमच्याने ढकलणं, बोट लावणं, वास घेणं, ओठाला लावणं, जिभेने चाटणं, चावून थुंकणं. थुंकायला एक वाटी ठेवाच. मला ठाऊक आहे, ‘पानात टाकायचं नाही’ हे ऐकत मोठे झालेलो आपण, थुंकायची वाटी बघून घरात कुरकुर होणार. पण बाहेर काढायची मुभा असेल तरच तो तोंडात घालायचं धाडस करेल. हाच हिशोब नकाराचाही. ‘नको’चं एक चित्र करा, हाताने आडवी फुली काढलेलं कार्डही चालेल. त्याने ते दाखवलं की बशी त्या क्षणी बाजूला. सुरुवातीला तो दिवसभर तेच दाखवेल, दाखवू दे. ज्याचा नकार घरात ऐकला जातो त्याला दात आवळून बसावं लागत नाही.

साधारण मुलांनाही एखादी नवी चव रुळायला ती दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते. सोन्याला त्याहून जास्त. आपण मात्र तिसऱ्या दिवशी ‘आवडत नाही त्याला’ म्हणून मोकळे होतो. भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज एक अक्षर लिहीत जा: बघितलं तर ‘ब’, हात लावला तर ‘हा’, वास घेतला तर ‘वा’. महिन्याच्या पानावर तीस अक्षरं झाली आणि एकही घास पोटात गेला नाही, तरी तुम्ही पुढे आलात.

डोसा परत आला, निदान दोन आठवडे टिकला, की मग त्यातूनच पुढची वाट काढायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती सांगून. आधी त्याच पिठाचा लहान डोसा. मग जरा जाडसर. मग तांदळाचं घावन. रंग पांढराच, पण जाळी वेगळी, मऊपणा वेगळा. त्याला ‘डोसा’ म्हणून वाढू नका, घावनच म्हणा. त्यानंतर कधीतरी मुगाच्या डाळीचं धिरडं, कडक भाजून, बशीत, नखाएवढं. ज्या मुगाने घोटाळा केला तोच मूग, पण या वेळी समोरच्या दाराने. माझ्याकडच्या एका मुलाला घावनापासून धिरड्यापर्यंत यायला सात महिने लागले. त्याच्या आईला मी चार महिने म्हणाले होते. तेव्हापासून आकडे सांगायचं सोडून दिलं.

भाताचीही अशी वाट आहे: बशीत चमचाभर तूप-भात आणि त्याच्या कडेला, न कालवता, चिमूटभर मेतकूट. वेफर्सची वाट तर सासूबाईंकडे सोपवावी असं मला वाटतं. वेफर्स म्हणजे शेवटी मीठ लावलेला बटाटाच. तिथून घरी तळलेल्या पातळ चकत्या, मग रवा लावून तव्यावर कुरकुरीत केलेले बटाट्याचे काप, मग तसेच रताळ्याचे. हे काम करायला जुना हात लागतो. शिवाय उपाशी ठेवण्याऐवजी त्यांना करायला काहीतरी मिळेल. पण तीन वाटा एकदम नकोत. डोसा चालू असताना बाकी सगळं जसंच्या तसं राहू दे.

दुधाबद्दल मात्र मी जरा कडक आहे. दिवसाला लिटरभर दूध पिणाऱ्या मुलाच्या पोटात जागा उरणार कुठून? शिवाय दुधात लोह जवळजवळ नसतं आणि फार दूध पिणाऱ्या मुलांना रक्तक्षय होणं ही नेहमीची गोष्ट आहे. काहींचा शौचही कडक होतो, आणि पोट गच्च असेल तर खाणं आणखी कमी. हळूहळू अर्ध्या लिटरपर्यंत आणा: पेला तोच हिरवा, पण दर चार-पाच दिवसांनी दोन बोटं कमी भरलेला. पाणी मिसळू नका, त्याला कळेल. दूध, बिस्किट, जेवण यांच्यामध्ये अडीच-तीन तासांचं अंतर ठेवा आणि मधल्या वेळात फक्त पाणी. पार्ले-जीचा पुडा हाताला लागेल असा ओट्यावर ठेवू नका, पण ‘डोसा खाल्लास तर पार्ले-जी’ असा सौदाही करू नका. त्याने डोसा शिक्षा होतो आणि बिस्किट बक्षीस.

हे सगळं करण्याआधी, म्हणजे याच आठवड्यात, बालरोगतज्ज्ञांकडे एक फेरी करा. वजन-उंची, हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा, ड जीवनसत्त्व, ब-१२. दात तपासून घ्या. किडका दात दुखतोय हे सोन्या शब्दांत सांगू शकणार नाही, तो फक्त चावायचं सोडेल. शौच किती दिवसांनी होतो ते लिहून न्या. जेवताना वारंवार ठसका लागत असेल, वजन उतरत असेल, किंवा उरलेल्या चारातला आणखी एक पदार्थ सुटला, तर माझ्या पुढच्या उत्तराची वाट बघू नका. आणि डॉक्टरांनी टॉनिक दिलं तर ते दुधात मिसळू नका हो. डोशाचं झालं ते दुधाचं व्हायला नको.

एक गोष्ट आपल्या मुंबईच्या घरांची. वन रूम किचनमध्ये ओटा आणि बसायची जागा यांत आठ पावलांचं अंतर. कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, हिंग-मोहरीची फोडणी, आणि शेजारच्या घरी बोंबील तळले जात असतील तर तो वासही. जेवायला बसेपर्यंत या मुलाचं नाक आणि कान दमलेले असतात. फोडणीची कामं त्याच्या जेवणाच्या तासभर आधी उरका किंवा तो खाली खेळायला गेला असताना. खिडकी उघडी, पंखा चालू. बसण्याकडेही बघा. खुर्चीत पाय लोंबकळत असतील तर अर्धी ताकद तोल सांभाळण्यातच जाते. पायाखाली पाट द्या. जमिनीवर बसत असेल तर पाठ भिंतीला टेकलेली असू दे. जेवणाआधी थोडं अंगमेहनतीचं काम द्या: पाण्याच्या भरलेल्या बाटल्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवणं, कांदे-बटाट्याची पिशवी ओढत आणणं. त्याने पुष्कळ मुलं शांत होतात. आणि खाण्याचा काही संबंध नसताना त्याला अन्नात हात घालू दे. कुरमुरे या पातेल्यातून त्या पातेल्यात, मसूर ओंजळीत, हिवाळ्यात मटार सोलायला. एखादा दाणा तोंडात गेला तर बघितलंच नाही असं दाखवा.

मोबाइलचं म्हणाल तर, त्याने घास जातो, पण काय खाल्लं ते मुलाला कळत नाही, म्हणून ओळखही होत नाही. आज लावत नसाल तर सुरू करू नका.

शाळेला पत्र लिहा. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये ऑटिझम आहे आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी देणं शाळेकडून अपेक्षित आहे. पण कायदा दुसऱ्या परिच्छेदात आणा. पहिल्या परिच्छेदात बाईंना साध्या शब्दांत सांगा की डब्यात तूप-भात येईल, तो तेवढा खाईल आणि दुपारी वर्गात शांत बसेल. हे कुठल्याही बाईंना पटतं.

आणि तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. गहू आणि दूध बंद केल्याने ऑटिझम कमी होतो याला भक्कम आधार नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१३ सालच्या मार्गदर्शक सूचनांत तर ऑटिझमच्या मूळ लक्षणांसाठी असे आहार देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलंय. डॉक्टरांनी तपासून अ‍ॅलर्जी किंवा गव्हाचा आजार सांगितला तर गोष्ट वेगळी. नाहीतर सोन्याच्या चारातले दोन पदार्थ काढून घेऊन त्याला भात आणि वेफर्सवर सोडायचं, हा कुठला उपाय?

हे सगळं एकटीने करायची गरज नाही. खाण्यावर काम केलेल्या ऑक्युपेशनल किंवा स्पीच थेरपिस्टची मदत घ्या. तुम्हाला जवळ म्हणजे सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय. परळचं केईएम आणि मुंबई सेंट्रलचं नायर इथेही ऑक्युपेशनल थेरपीचे विभाग आहेत. लहान मुलांच्या विकासावर काम करणारी ‘उम्मीद’ ही संस्थाही मुंबईतच आहे. जाताना आठवडाभराची वही न्या: काय, किती, कधी आणि कुठल्या ताटलीत. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ आरोग्य विमा योजनेत ऑटिझम असलेल्यांना एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळू शकतो. त्यासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. काढलं नसेल तर काढून घ्या.

राहिला तो हिरवा पेला. तसाच दुसरा कुठे मिळाला तर घेऊन ठेवा आणि जुना शाबूत आहे तोवरच दोन्ही आलटूनपालटून वापरायला लागा. तसाच मिळाला नाही तर जवळपासचा हिरवा, आधी ओळखीच्या बशीशेजारी रिकामा ठेवून. प्लास्टिकचा असेल तर कधीतरी तडकणारच, आणि तो नेमका रविवारी रात्री तडकतो.